चढणीचा मासा आणि हौसेची टोळी

मृगाचे पहिले दोन-तीन दणदणीत पाऊस झाले की शहापूर-मुरबाडच्या ओढ्यांना गढूळ लोंढे येतात आणि त्या लोंढ्याला छाती देत मासे वर चढू लागतात. काळू, भातसा आणि त्यांना मिळणाऱ्या लहान नद्यांच्या डोहांत उन्हाळा काढलेला हा मासा नव्या पाण्याच्या वासाने निघतो, ओढ्यातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून भातखाचरात शिरतो आणि उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालतो. बांधाच्या मोरीपाशी, जेमतेम गुडघाभर पाण्यात, शिवडे आणि शिंगट्या एकमेकांना घासत वर सरकतात. हाताला लागलेल्या मादीचे पोट गाभोळीने इतके ताठ असते की नुसते दाबले तरी अंडी बाहेर येतात. हेच वलगणीचे मासे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या या दिवसांत त्यांचे कालवण शिजते. अलीकडे मात्र याच मोऱ्यांवर रात्री कल्याण-बदलापूरकडून आलेल्या मित्रांच्या टोळ्याही बॅटऱ्या आणि पाग घेऊन उभ्या असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की पोटासाठी मासा धरणाऱ्याला मोकळीक ठेवून, हौसेच्या मासेमारीला चढणीच्या काळात आपल्या नद्या-ओढ्यांवर बंदी असावी.

ही कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. याच पाण्याचा शेवट जिथे होतो त्या समुद्रावर ती रुळलेली आहे. काळू भातशाला घेऊन उल्हासला मिळते आणि ते पाणी खाडीत जाते. त्या खाडीपलीकडे राज्याच्या सागरी हद्दीत 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कायद्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावरचा कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नसे. त्या रीतीत खवळलेल्या समुद्राची धास्ती होती, तसा माशाला मिळणारा विसावाही होता. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती या बंदीतली सूट: बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये, हे समुद्रावरच्या नियमाने कधीच मान्य केले आहे. मित्रांबरोबर मचव्यातून खाडीत गळ टाकायला निघालेल्या माणसाला पावसाळ्यात थांबायचे असते हे कळते, मग तोच माणूस मुरबाडच्या ओढ्यावर त्याच महिन्यात बिनदिक्कत का येतो? कारण इथे त्याला कोणी थांबा म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की चार मित्रांनी धरलेल्या पिशवीभर माशांनी नदी रिकामी होत नाही. खरे नुकसान धरणांनी केले. दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. तानसाचे धरण 1892 चे. पुढे मोडकसागर, भातसा, आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. मुंबईची तहान भागवणाऱ्या या भिंतींनी माशाची वाट कायमची अडवली. पण म्हणूनच उरलेल्या मोकळ्या ओढ्यांची किंमत वाढते. धरणात रोहू-कटल्याचे बीज आणून सोडता येते. ओढ्यातल्या गावठी माशाचे बीज कोणी आणून सोडत नाही, ते त्याने स्वतःच घालायचे असते. शिवाय पिशवीचा हिशेब फसवा आहे. एरवी मैलभर पसरलेला मासा चढणीच्या रात्री हातभर रुंद मोरीतून जातो. तिथे एक पाग टाकला की त्या ओढ्याची पुढच्या वर्षाची आईच उचलली जाते. दिवाळीनंतर डोहात दिवसभर गळ टाकून बसणाऱ्याच्या हातून एवढे नुकसान होऊच शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बंदी आली की तिचा दंडुका आधी कातकऱ्याच्या पाठीत बसतो, शहरातली गाडी सुटून जाते. ही भीती खरी आहे आणि म्हणून ही बंदी पोलिसांच्या हाती देऊ नये असे मला वाटते. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांच्या नियोजनात गावाला अधिकार दिला, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केला. गावाने ठरवलेला नियम माणसे पाळतात याचा दाखला शेजारीच आहे. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात, शंकराच्या देवळापाशी, मोठमोठे मासे माणसांच्या पायांशी येतात. देवाचे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. तिथे पहारा श्रद्धेचा आहे, ओढ्यावर तो ग्रामसभेच्या ठरावाचा असू शकेल. घरच्या कालवणापुरता मासा गावकऱ्याला, आणि ब्लीचिंग पावडर किंवा विजेचा झटका कोणालाच नाही, इतके दोन ओळींत लिहिता येते. विष आणि सुरुंग तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हाच आहेत.

मित्रांनी मिळून पाण्याकाठी एक दिवस काढण्यात निर्मळ आनंद आहे आणि तो कोणाकडून काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. ग्रामसभांनी मे महिन्यातच हा ठराव करावा आणि शहरातल्या मित्रांनी गळ घेऊन दिवाळीनंतर यावे.