बुद्धी ही अमानत



एखादे मूल धडा एकदाच ऐकून बिनचूक म्हणते आणि मग खिडकीबाहेर पाहत बसते. आपण त्याला आळशी ठरवतो. अशाच एका मुलाला मी मकतबमध्ये शेवटच्या रांगेत बसवले होते. चूक माझी होती.

हजरत उमर (रजि.) यांची रीत पाहा. बद्रच्या युद्धात लढलेल्या वडीलधाऱ्या सहाबांच्या बैठकीत ते तरुण अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांना बसवत. काहींना ते खटकले. तेव्हा हजरत उमर यांनी सर्वांना सूरह नस्रचा अर्थ विचारला. विजय लाभल्यावर अल्लाहची स्तुती करावी व क्षमा मागावी, असे काहींनी सांगितले. काही गप्प राहिले. इब्ने अब्बास म्हणाले, यात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या निर्वाणाची सूचना आहे. आपणही हेच समजतो, असे हजरत उमर यांनी सांगितले. सहीह बुखारीत हा प्रसंग आला आहे.

त्यांनी तरुणाला कोरडी शाबासकी दिली नाही. थोरांत जागा दिली आणि विचार करायला लावणारा प्रश्न दिला.

पण हेच इब्ने अब्बास एक हदीस ऐकण्यासाठी भर दुपारी सहाबांच्या दारात, अंगावर धूळ उडत असता, चादर टाकून वाट पाहत. बुद्धीला अशी नम्रता हवी.

म्हणून आज आपल्या मुलाला पाठ असलेल्या सूरहचा अर्थ विचारा, त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐका आणि धाकट्या भावंडाला शिकवण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. बुद्धी अल्लाहची अमानत आहे. तिचा हिशेब आपल्यालाही द्यायचा आहे. अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान देवो. आमीन.