आता कुणाचा नंबर?

पीएच.डी.चं प्रवेशपत्र आलंय. त्याच आठवड्यात क्लार्कच्या नोकरीची ऑर्डरही आली. वस्तीत ज्याला विचारावं तो एकच सांगतो, बाबासाहेब शिकले, तूही शीक. खरंच आहे. पण बाबासाहेबांचं नाव घेतलं की प्रश्न सुटला, असं समजायची आपल्याला खोड लागलीय.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९१६ साली लंडनला. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. परत येऊन ते पुरं करायला लंडन विद्यापीठानं चार वर्षांची मुभा दिली होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, १९२० साली पुन्हा गेले. म्हणजे मध्ये थांबणं हा गुन्हा नाही. पण माझी जागा चार वर्षं कोण राखणार?

आणि तेव्हा इकडे मुंबईत रमाई होती. तिचे कष्ट आपण गाण्यांतून गातो. तिला कुणी विचारलं होतं का, म्हटलं की माणसं चिडतात. मी बाबासाहेबांना आरोपी करत नाही. स्वतःला विचारतोय.

माझी फी आईच्या खुरप्यानं भरली, असं मी भाषणात सांगतो. टाळ्या पडतात. धाकटीनं बारावीनंतर कॉलेज सोडलं, त्यातूनही भरली, हे सांगत नाही. घरात एकालाच शिकवायची ऐपत. तो एक मीच, हे कुणी ठरवलं? ठरवायची गरजच पडली नाही. च्यायला, मनू काय फक्त दुसऱ्यांच्याच घरात राहतो?

म्हणून ठरवलं, नोकरी घ्यायची, तिला शिकवायचं. त्यागाची धुंदी चढली. खोटं कशाला बोलू, आत भीती होती. जात हुंगणाऱ्या माणसांपुढं पाच वर्षं बसायची भीती. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठाच्या रोहित वेमुलानं आत्महत्या केली, ते आईनंही टीव्हीवर पाहिलंय. त्या भीतीलाच मी त्याग म्हणत होतो.

धाकटी भाकरी थापत होती. तिला सांगितलं.

"तवा इचारलं न्हाईस. आता बी नुसता सांगायला आलास."

भाकरी उलटली. मग म्हणाली, "मला नर्सिंग करायचंय. फॉर्म कधी निघतोय तेवढं बघ. तुझ्या कागदाचं तुझं तू बघ."

दोन्ही कागद अजून फळीवर आहेत. फॉर्मची तारीख तेवढी तालुक्याला जाऊन विचारून आलोय.