या तुकड्यापुरते

दोन वर्षांपूर्वीची वसुबारस. अक्काच्या स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता आणि ओसरीवर आम्ही तिघे पुरुष, भाऊजी, भाचा आणि मी, एक लिफाफा घेऊन बसलो होतो. अक्काच्या गळ्याशी गाठ आली होती. सुई घालून तिच्यातल्या पेशी काढल्या होत्या. त्यांचा निकाल त्या लिफाफ्यात होता. निदान करण्याइतक्या पेशी मिळाल्या नाहीत, तपासणी पुन्हा करावी, एवढेच त्यात लिहिले होते.

भाऊजी चिडले. "पैसे मोजून घेतात, आणि सांगता येत नाही म्हणून कळवतात!" मलाही तसेच वाटले. मग भाचा हळूच म्हणाला, "आईला सांगू, काही निघालं नाही. दिवाळी तरी सुखाची जाईल." आम्ही माना डोलावल्या. शब्दशः पाहिले तर ते खोटेही नव्हते!

तेवढ्यात पदराला हात पुशीत अक्का बाहेर आली. आम्ही ठरलेले वाक्य म्हटले. तिने एकदा तिघांच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "कागदात असंच लिहिलंय का?"

त्या प्रश्नाने मी पुढे पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. पॅथॉलॉजी म्हटले की आपल्यापुढे कोपऱ्यावरची रक्त-लघवी तपासण्याची जागा येते. वस्तुतः हे शास्त्र म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंबच आहे. कोणी रक्तातल्या पेशी मोजतो, कोणी जंतू वाढवून ते कोणत्या औषधाला दबतात ते पाहतो. कोणी सुईतून आलेल्या सुट्या पेशी न्याहाळतो. कोणी शरीराचा तुकडा मेणात बसवून मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतील इतके पातळ काप काढतो आणि ते निळ्या-गुलाबी रंगांत रंगवून वाचतो. कधी शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून काही मिनिटांत उत्तर द्यावे लागते. पोट उघडे असते आणि सर्जन हात थांबवून वाट पाहत असतो.

यांतल्या बहुतेकांना रोग्याचा चेहराही दिसत नाही. आपण त्यांना कोरडे म्हणतो. पण साक्षीदाराने कोरडेच असावे लागते. त्याने पाहिले तेवढे सांगावे, आणि पाहिले नाही ते सांगू नये. यांतला दुसरा अर्धा भाग फार कठीण, कारण ऐकणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याची गोष्ट या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. १८८७ साली त्याचा आवाज बसला. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला आणि शस्त्रक्रियेची तयारी झाली. तेवढ्यात इंग्लंडहून आलेल्या मॅकेंझी या घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रातले बारीक तुकडे काढून बर्लिनला रुडॉल्फ फिर्खो यांच्याकडे पाठविले. रोगाचे मूळ पेशीत शोधावे, हे १८५८ साली जगाला समजावून देणारे ते हेच फिर्खो. त्यांना त्या तुकड्यांत कर्करोग दिसला नाही. तसे त्यांनी लिहिले. पण एवढ्याशा तुकड्यांवरून संपूर्ण रोगाविषयी खात्रीने बोलता येणार नाही, असेही बजावले. राजवाड्याने पहिला भाग ऐकला आणि दुसरा सोडून दिला. शस्त्रक्रिया राहिली. मार्च १८८८ मध्ये युवराज सम्राट झाला आणि अवघ्या ९९ दिवसांनी वारला. शवाची तपासणी करणाऱ्यांत फिर्खो स्वतः होते, कर्करोगच निघाला. शस्त्रक्रियेने तो वाचलाच असता असे नाही; त्या काळी ती स्वतःच जिवावर बेतणारी होती. पण निवड करण्याची वेळ एका अर्धवट ऐकलेल्या वाक्यात निघून गेली, एवढे खरे.

ओसरीवर आम्ही दुसरे काय करीत होतो? एका प्रामाणिक 'माहीत नाही'चे 'नाही' करून टाकीत होतो.

कोणी म्हणेल, सणाच्या दिवशी संशयाचा काटा टोचण्यात कसली दया? आक्षेप खोटा नाही. संशय माणसाची झोप उडवतो; कधी तो प्रत्यक्ष दुखण्याहूनही जड असतो. म्हणूनच मला वाटते, वेळ आणि सूर निवडण्याचा अधिकार मायेला आहे. मजकूर बदलण्याचा नाही. आणि ज्याचा देह, त्याने स्वतःच विचारले, म्हणजे वेळही तिथेच ठरली.

मी कागद अक्काच्या हाती दिला. तिने तो चष्मा लावून दोनदा वाचला. "बरा माणूस दिसतो," ती म्हणाली. "उगाच काहीतरी लिहून मोकळा झाला नाही. पाडवा झाला की जाऊ परत." आणि ती आत घाण्याकडे वळली.

दुसऱ्या वेळी पुरेशा पेशी मिळाल्या. गाठ साधी निघाली. निकाल उलटा आला असता तरी माझे म्हणणे बदलले नसते. त्या दुसऱ्या कागदावरही शेवटी लिहिले होते, की गाठीवर लक्ष ठेवावे. भाऊजी पुन्हा कुरकुरले. अक्काने मात्र तो कागद घडी घालून पंचांगात ठेवला, पुढल्या वर्षीची तारीख आठवणीत राहावी म्हणून.