विजयात आपला, पराभवात परका



फुटबॉलच्या विश्वचषकाचे दिवस जवळ आले की आपल्या घरांतील वातावरणही बदलते. मुले आवडत्या संघाची जर्सी मागू लागतात आणि ज्या देशाचे नाव एरवी कुणी काढत नाही, त्याच्या जय-पराजयावरून भावाभावांत वाद रंगतात. २०२६ ची स्पर्धा तर अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत, तब्बल ४८ संघांची. खेळ पाहण्याच्या मर्यादा आपण जाणताच. रात्रीच्या जागरणापायी फजरची नमाज कजा होऊ नये, सामन्यावर पैज लागू नये आणि घरच्या जबाबदाऱ्या मागे पडू नयेत. या मर्यादा आलिमांनी वारंवार सांगितल्या आहेत. आज मात्र मला आपले लक्ष सामना पाहणाऱ्याच्या जिभेकडे आणि त्या जिभेमागे असलेल्या हृदयाकडे वेधायचे आहे.

११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपीय चषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंड आणि इटली १-१ असे बरोबरीत राहिले आणि निकाल पेनल्टीवर गेला. इटलीने ३-२ अशी बाजी मारली. इंग्लंडच्या ज्या तिघांच्या पेनल्टी वाया गेल्या ते मार्कस रॅशफोर्ड, जेडन सांचो आणि बुकायो साका. त्यांची वये अनुक्रमे २३, २१ आणि १९. तिघेही इंग्लंडमध्येच जन्मलेले, तिघेही कृष्णवर्णीय. त्याच रात्री समाजमाध्यमांवर त्यांच्या नावे वर्णद्वेषी शिव्यांचा आणि माकडांच्या चित्रांचा पाऊस पडला. काही तासांपूर्वी हेच तिघे राष्ट्राचे सुपुत्र होते.

पुढच्याच वर्षी, १८ डिसेंबर २०२२ रोजी, कतारमधील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्स अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरला. किंग्सले कोमान आणि ऑरेलियन चुआमेनी यांना पेनल्टीवर गोल करता आला नाही, आणि त्यांच्याही वाट्याला तेच आले. जर्मनीचा मेसुत ओझिल २०१४ च्या विश्वविजेत्या संघात होता. २०१८ मध्ये जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली. तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांसोबतच्या छायाचित्रावरून त्याच्यावर आधीच टीका सुरू होती. त्याने राष्ट्रीय संघ सोडला तेव्हा त्याची व्यथा अशी होती की, जिंकलो की मला जर्मन मानले जाते आणि हरलो की मी स्थलांतरित ठरतो.

वाचकहो, या घटनांतील समान धागा पाहा. चेंडू गोलच्या बाहेर गेला म्हणून खेळाडूचा रंग बदलत नाही. रंग आधीही तोच होता. पाहणाऱ्याच्या मनात त्या रंगाविषयी जे दडून होते, ते पराभवाच्या क्षणी बाहेर आले, एवढेच. विजयाने ते झाकले होते. नाहीसे केले नव्हते. क्रोध मनुष्याच्या अंतःकरणात नवे काही निर्माण करत नाही. तळाशी असलेले वर आणतो.

या रोगाचे मूळ कुरआनने मानवाच्या इतिहासाच्या अगदी आरंभी दाखवले आहे. आदम (अलै.) यांच्यासमोर झुकण्याची आज्ञा झाली तेव्हा इब्लिसने नकार दिला. त्याने आदमची एखादी चूक दाखवली का? चूक तर तेव्हा घडलीच नव्हती. त्याने बोट ठेवले ते केवळ घटकद्रव्यावर. स्वतःची उत्पत्ती अग्नीपासून आणि आदमची मातीपासून, म्हणून आपण श्रेष्ठ, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्या गोष्टीत स्वतःचे काडीचेही कर्तृत्व नाही, तिच्या आधारे स्वतःला मोठे आणि दुसऱ्याला हीन ठरवणे, हा पहिला अहंकार. वेम्बलीनंतर शिव्या लिहिणारे आणि इब्लिस यांचा तर्क एकच आहे. म्हणूनच वर्णद्वेषाला केवळ असभ्यता म्हणून सोडून देता येत नाही. ती सैतानाची जुनी वाट आहे.

आपल्यापैकी कुणाच्या मनात येईल की हा युरोपातील लोकांचा रोग आहे, नमाज पढणाऱ्या माणसाला तो कसा जडेल? याचे उत्तर सहीह बुखारीतील एका प्रसंगात आहे. हजरत अबू जर (रजि.) हे आरंभीच्या काळात इस्लाम स्वीकारणाऱ्यांपैकी. त्यांनी वादाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून टोमणा मारला. काही भाष्यकारांच्या मते तो माणूस म्हणजे हजरत बिलाल (रजि.) आणि टोमणा आईच्या काळ्या रंगावरून होता. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी अबू जर यांच्या थोरवीकडे पाहून बोलणे सौम्य केले नाही. तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे, असे त्यांनी स्पष्ट सुनावले.

यातून दोन बोध मिळतात. एक, ईमान असलेल्या हृदयाच्या कोपऱ्यातही जाहिलियतचा अंश उरू शकतो, म्हणून कुणीही निर्धास्त राहू नये. दुसरा बोध अबू जर यांच्या पुढच्या आयुष्यात आहे. याच हदीसचा आरंभ असा आहे की, रबजा या ठिकाणी ते एकाला भेटले तेव्हा त्यांच्या अंगावर जे वस्त्र होते, तसेच वस्त्र त्यांच्या गुलामाच्याही अंगावर होते. त्या माणसाने कारण विचारले, तेव्हा त्यांनी हा सारा प्रसंग सांगितला. म्हणजे त्यांची तौबा शब्दांपुरती राहिली नाही. ती रोजच्या पेहरावात उतरली.

मग एखाद्या संघावर प्रेम करणेच वर्ज्य आहे का? तसे नाही. आपल्या माणसांविषयी, आपल्या मुलखाविषयी ओढ वाटणे स्वाभाविक आहे. एका रिवायतीत असे येते की, आपल्या लोकांवर प्रेम करणे म्हणजे असबियत का, असे प्रेषितांना विचारण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि सांगितले की, अन्यायाच्या कामी आपल्या लोकांना साथ देणे ही असबियत होय. सीमारेषा इथे आहे. मुरैसीच्या मोहिमेत एका मुहाजिराचा आणि एका अन्साराचा किरकोळ तंटा झाला आणि दोघांनी आपापल्या गटाला हाक दिली. मुहाजिर आणि अन्सार ही दोन्ही नावे कुरआनने गौरवलेली आहेत. तरीही ती नावे भांडणाची आरोळी बनताच प्रेषितांनी त्या आरोळीला दुर्गंधीयुक्त म्हटले. पवित्र नावाचीही अशी गत होते, तर जर्सीच्या रंगाची काय कथा!

ही कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. २०२२ मध्ये मोरोक्कोने स्पेन आणि पोर्तुगालला हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथवर पोहोचणारा तो पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब संघ. खेळाडूंनी मैदानावर सजदा केला आणि आपल्या घराघरांत डोळे पाणावले. तो आनंद निर्मळ होता. परंतु त्या आनंदात कुणी समोरच्या संघाच्या खेळाडूचा रंग, धर्म वा आई-बाप काढले असतील, तर त्याने सजद्याची शोभा घालवली. एखाद्या समूहाशी असलेल्या वैरानेसुद्धा न्याय सोडू नका, ही सूरह अल-माइदाची शिकवण आहे. खेळातले प्रतिस्पर्धी तर वैरीही नव्हेत. आणि साकाला शिवी मिळाली तेव्हा तो मुस्लिम आहे की नाही, हे पाहून आपले दुःख ठरत असेल, तर तीही असबियतच.

त्याच विश्वचषकात दोह्याच्या रस्त्यांवर अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंड यांच्या जर्सी घालून ढोल वाजवणाऱ्या भारतीयांच्या चित्रफिती जगभर फिरल्या. त्यांत केरळचे लोक मोठ्या संख्येने होते. हे खरे चाहते नव्हेत, पैसे देऊन आणलेले लोक आहेत, असे परदेशात अनेकांनी ठरवून टाकले. वर्षानुवर्षे रात्र जागून फुटबॉल पाहणाऱ्या माणसाला केवळ चेहरा पाहून खोटे ठरवले गेले. आपल्याला ते लागले, आणि लागायलाच हवे होते.

पण मार्च २०२४ मध्ये त्याच केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आयव्हरी कोस्टच्या एका फुटबॉलपटूला जमावाने पाठलाग करून मारहाण केली. प्रेक्षकांनी आपल्या रंगावरून शिवीगाळ केली, अशी तक्रार त्याने पोलिसांकडे दिली. दोह्यात दुखावलेले आपण आणि इथे दुखावणारेही आपणच.

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकी वंशाचे. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराची पायाभरणी १६१० मध्ये खडकी या नावाने करणारा मलिक अंबर हाही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणला गेलेला हबशी होता. त्याची कबर खुलताबादला आहे. मक्केच्या विजयादिनी काबागृहावरून अजान देणारे बिलाल (रजि.) हबशी. मक्केत छळ सोसणाऱ्या पहिल्या मुस्लिमांना आश्रय देणारा नजाशी हा हबशाचाच राजा. आणि आपल्या बोलण्यात ‘हबशी’ हा शब्द कशासाठी वापरला जातो? चिडवण्यासाठी! घरातल्या सावळ्या मुलाला लाडाने ‘काळ्या’ म्हटले जाते. मुलगी पाहायला आलेले लोक तिच्या दीनदारीआधी तिचा रंग विचारतात. स्थळ चांगले असूनही बिरादरी वेगळी म्हणून नकार कळवला जातो. सर्व मानव एका स्त्री-पुरुषापासून निर्माण झाले, वंश आणि जमाती केवळ ओळखीसाठी आहेत आणि अल्लाहपाशी प्रतिष्ठा तकव्यानेच ठरते, ही सूरह अल-हुजुरातची तेरावी आयत आपण भाषणांत ऐकवतो. सोयरीक ठरवताना ती आपल्याला आठवते का?

जगाने या रोगावर कायद्याचे उपाय शोधले आहेत. वर्णद्वेषी घोषणा झाल्यास पंच आधी सामना थांबवू शकतो, मग खेळाडूंना आत नेऊ शकतो आणि तरीही प्रकार थांबला नाही तर सामना रद्द करू शकतो. मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर ब्राझीलच्या विनिसियस ज्युनियरला वर्णद्वेषी शिव्या देणाऱ्या तिघांना २०२४ मध्ये स्पेनच्या न्यायालयाने आठ महिन्यांची शिक्षा सुनावली. हे योग्यच झाले. मात्र कायदा कॅमेऱ्यात सापडलेल्या माणसापर्यंतच पोहोचतो. दिवाणखान्यात पुटपुटलेली शिवी, मित्रांच्या गटात पाठवलेले माकडाचे चित्र कुणाच्या नोंदीत येते? उच्चारलेला प्रत्येक शब्द टिपणारा निरीक्षक जवळच सज्ज आहे, हे कुरआनने आपल्याला सांगून ठेवले आहे. बोटाने टाइप केलेला शब्दही त्यातून सुटत नाही.

म्हणून माता-पित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुले सामना पाहत असतील तेव्हा अधूनमधून त्यांच्यासोबत बसा. खेळाडू चुकला तर त्याच्या खेळावर बोलू द्या. त्याच्या रंगावर, देशावर, आई-बापावर शब्द गेला तर तिथेच थांबवा. ओरडू नका, अबू जर यांचा प्रसंग सांगा. तसला विनोद मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्याला खासगीत समजवा. अत्याचारी भावालाही मदत करा आणि ती मदत म्हणजे त्याचा हात रोखणे, ही प्रेषितांची शिकवण अशाच वेळेसाठी आहे. कुणाला अशा शब्दांनी दुखावले असेल तर केवळ अल्लाहपाशी क्षमा मागून भागणार नाही. त्या माणसाचीही माफी मागावी लागेल, कारण तो बंद्याचा हक्क आहे.

दिवसातून पाच वेळा आपण सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतो. शेजारच्या खांद्याचा रंग तेव्हा कुणी पाहत नाही. सलाम फेरून मशिदीची पायरी उतरल्यावर, बाजारात, सोयरिकीच्या बैठकीत आणि पडद्यासमोर तोच खांदा आपल्याला परका वाटू लागला, तर सफमध्ये उभे राहून आपण काय शिकलो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

अल्लाह आपली हृदये जाहिलियतच्या उरल्यासुरल्या अंशापासून शुद्ध करो, आपल्या जिभांना न्यायाचे वळण लावो आणि आपल्या मुलांना माणूस ओळखण्याची दृष्टी देवो. आमीन.