देवळामागचा गोंगाट

वसमत तालुक्यातल्या हट्टा गावापासून औंढा नागनाथ काही फार लांब नाही. तिथल्या ज्योतिर्लिंगाची कथा या मुलखात लहान पोरालाही पाठ असते. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पूजेत अडथळा येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे घालवलं, तर देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलं. ऐकणारा चमत्काराला हात जोडतो आणि तंटा विसरतो. त्या तंट्यात जात आहे, हे उघडच आहे. पण आवाजही आहे. बाहेर ज्याला नामाचा गजर म्हणत होते, तो आतल्या मंडळींना गोंगाट वाटला. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सीही याच हिंगोली जिल्ह्यातलं, म्हणजे भांडण अगदी घरचं.

एखादा आवाज मुळातच अपवित्र असू शकतो का, हा प्रश्न पुढे रेडिओपुढेही उभा राहिला. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर कैवारी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. अखेर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. पेटीची गत याहून वाईट. कीर्तनात जिच्यावाचून पान हलत नाही, ती हार्मोनियम १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीला वर्ज्य होती, कारण तिच्यातून श्रुती आणि मींड निघत नाहीत. परभणी आकाशवाणीच्या टापूतल्या एखाद्या भजनी मंडळाला हे आज सांगितलं, तर चेष्टा करताय का, असंच ते विचारतील.

सार्वजनिक रेडिओ इंग्रजांचाही होता, पण तिथे हेवी मेटल या कर्कश समजल्या जाणाऱ्या रॉकप्रकाराला निदान रात्रीचं दार उघडं मिळालं. बीबीसी रेडिओ वनवर टॉमी व्हान्स यांचा ‘फ्रायडे रॉक शो’ १९७८ ते १९९३ असा चालला. शुक्रवारची रात्र, भारदस्त घोगरा आवाज, आणि बँडना स्टुडिओत बोलावून केलेलं ध्वनिमुद्रण. आयर्न मेडनचा पहिला अल्बम १९८० चा. त्याआधीच, १९७९ मध्ये, ही पोरं व्हान्स यांच्या कार्यक्रमात वाजवून गेली होती. त्याच वाहिनीवर जॉन पील १९६७ पासून २००४ पर्यंत होते, आणि त्यांची तऱ्हाच निराळी. व्हान्स एका संप्रदायाचे. पील कुठल्याच नाही. रेगे संपलं की पंक, पंक संपलं की नेपाम डेथ, ज्यांचं एक गाणं जेमतेम सव्वा सेकंदाचं आहे. पुढे आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतःच बीबीसीच्या सिक्स म्युझिकवर रॉकचा कार्यक्रम करू लागला (२००२ ते २०१०), तेव्हा ऐकणाऱ्याला कळस आणि पाया दोन्ही एकाच तोंडून मिळाले. तिघांत पील मोठे, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. व्हान्स श्रद्धावंतांना बळ देत होते. पील न मानणाऱ्यालाही आत येऊ देत.

मेटलवर सैतानाचा शिक्का बसला तो ब्लॅक सॅबथपासून. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावलेला टोनी आयोमी हा त्यांचा गिटारवादक. १९७० च्या पहिल्या अल्बममधलं बँडच्याच नावाचं गाणं ज्या स्वरांतरावर उभं आहे, त्याला युरोपातले जुने संगीतज्ञ सैतानाचं म्हणत. चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही मात्र दंतकथाच. आपल्याकडे ते स्वरांतर म्हणजे षड्ज आणि तीव्र मध्यम. यमनात ते रोज संध्याकाळी तानपुऱ्याच्या साक्षीनं लागतं, आणि कोणाला शिंगं फुटत नाहीत. सैतान स्वरात असता तर निम्म्या महाराष्ट्राच्या गायनाच्या क्लासांना टाळं लागलं असतं.

मग निकष कुठला धरायचा? त्यासाठीही मराठवाड्याबाहेर जायला नको. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नादाचे दोन प्रकार आहेत: योग्याला आत ऐकू येणारा अनाहत आणि आघातानं उमटणारा आहत. अनाहत मुक्ती देतो खरा, पण त्यात रंजकता नाही, म्हणून सामान्य माणसाचं मन त्यात रमत नाही. आहत नाद मनही रमवतो आणि भवपाशही तोडतो. हा दरबारातला हिशेबनीस विद्वान रंजनाला पाप समजत नाही, उलट तीच वाट धरा म्हणतो. सिंगापूरच्या रुद्र या बँडनं २००५ मध्ये ‘ब्रह्मविद्या’ नावाची अल्बममालिका सुरू केली. विषय वेदान्ताचा, गळा डेथ मेटलचा. हे ऐकून सिंघणाची सभा उठून गेली असती, हे मान्य. पण कडकलक्ष्मीचा पोतराज स्वतःच्या अंगावर कोरडे ओढतो आणि शेजारची बाई वाकड्या काठीनं ढोल घासून तो घुमवते, तेव्हा त्या आवाजात तरी गोडवा कुठे असतो? रौद्र आणि भयानक हे नवरसांतलेच आहेत. मैफलीनं त्यांना ओसरीवर ठेवलं, देवीनं नाही.

रेडिओवरच्या मेटलचं एक वैशिष्ट्य मात्र सहज नजरेतून सुटतं. आवाज कमी-जास्त करायचं बटण ऐकणाऱ्याच्या बोटांत असतं. लघुलहरींवर बीबीसी लावणाऱ्याला तर ते बटण आणि काटा सारखे छेडावे लागत. आवाज वर यायचा, विरायचा, मध्येच शिट्टी घुसायची. इतक्या खटपटीनं ऐकलेलं संगीत शेजाऱ्याच्या झोपेवर चालून जात नाही. याउलट ट्रॉलीवर रचलेल्या डीजेच्या भिंतीतून देवाचं गाणं निघालं, तरी पलीकडच्या खोलीतल्या हृदयरोग्याच्या हातात बटण नसतं. अधर्म शोधायचाच असेल तर तो इथे शोधावा. नामदेवही सांगितल्याबरोबर देवळामागे गेले होते. आत शिरून त्यांनी कोणाची पूजा बुडवली नव्हती.

कायद्यानं हे अर्धंच ओळखलं आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून राखता येतो. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे ढोल-गिटार वाजत, त्या उघड्या रंगमंचावरच्या मैफली याच शांतता क्षेत्रापायी थांबल्या, आणि रॉकबरोबर इतर संगीतालाही जागा सोडावी लागली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये पुन्हा बजावलं. मात्र सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना आहे. त्या पंधरा दिवसांची यादी जिल्हा प्रशासन जाहीर करतं. गणपती, नवरात्र, शिवजयंती आणि ३१ डिसेंबर यांची नावं त्यात हमखास सापडतात.