बरणीतली एन्नोरची खाडी

महाराष्ट्राच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गची मुलं बसने अलिबागला निघतात, वाटेत पठार, घाट आणि किनारा पाहतात, शिक्षक विचारतात आणि मुलं सांगतात. धडा मनापासून लिहिलेला आहे. पण बहुतेक वर्गांत तो नुसता वाचून दाखवला जातो, आणि क्षेत्रभेटीदरम्यान कचऱ्याचं व्यवस्थापन कसं कराल, या प्रश्नाचं उत्तर शाळेचं फाटकही न ओलांडलेला विद्यार्थी बिनचूक लिहितो. अकरावी-बारावीला वीस गुणांचं प्रात्यक्षिक असतं. त्याचं जर्नल वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेलं असतं, समोच्च रेषांच्या वळणांसकट.

यावर नेहमीची तक्रार साधनांची असते. नकाशे नाहीत, खडकांची पेटी अपुरी, सहलीला परवानगी नाही. तक्रार खरीच आहे. पण साधनं असतात तिथेही एक अडचण उरते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पेटीतल्या खनिजाला क्रमांक असतो. विद्यार्थी नखाने ओरखडा काढतो, मग तांब्याच्या नाण्याने, मग काचेने. आम्लाचा थेंब टाकतो, फेस येतो, कॅल्साइट असं लिहितो. शिक्षकाला ते आधीपासून ठाऊक असतं आणि त्यांना ते ठाऊक आहे हे विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. हात तयार व्हायला असे धडे लागतातच, त्याबद्दल वाद नाही. मात्र रीत अगदी बरोबर पाळूनही उत्तर दिशाभूल करू शकतं, हे अशा पेटीतून कधीच कळत नाही. ते कळण्यासाठी चेन्नईच्या उत्तर टोकाला असलेल्या एन्नोरसारखी जागा हवी.

एन्नोरला कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते. उत्तरेकडे पुलिकत सरोवरापर्यंत खारं पाणी, दलदल आणि खारफुटीचा पट्टा पसरला आहे, आणि मधून बकिंगहॅम कालवा जातो. याच पट्ट्यात उत्तर चेन्नई औष्णिक वीज केंद्र आहे, २००१ मध्ये सुरू झालेलं आणि आज कामराजर हे नाव असलेलं बंदर आहे, काट्टुपळ्ळीचं दुसरं बंदर आहे, आणि दक्षिणेला मणलीचे तेल व रसायनांचे कारखाने आहेत. प्राकृतिक भूगोलाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात नदीमुख, वाळूचा दांडा, भरती-ओहोटी, गाळ, किनाऱ्याची धूप अशी जी प्रकरणं एकामागून एक येतात, ती इथे सकाळभरच्या चालीत भेटतात. फक्त इथे त्यातलं कुठलंही प्रकरण माणसाचा हात वगळून वाचता येत नाही.

सगळ्यात स्वस्त प्रयोग घेऊ. काचेची बरणी, तिच्यात मूठभर गाळ, वर पाणी, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दिवस उलटला तरी पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पट्टीने मोजायची आणि पुस्तकातल्या माती-पोताच्या त्रिकोणावर बिंदू मांडून मातीचा प्रकार लिहायचा. जगभर हा प्रयोग असाच शिकवतात. आता एन्नोरच्या खाडीतला गाळ बरणीत भरा. वीज केंद्राची राख पाण्यात कालवून नळांवाटे सेप्पाक्कमच्या राखतळ्याकडे नेली जाते. ते नळ वर्षानुवर्षं गळत राहिले आणि राख खाडीत साचत गेली. २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या प्रदूषणाची जबाबदारी तमिळनाडूच्या वीज महामंडळावर ठेवली. या राखेचे बहुतेक कण आकाराने पोयट्याएवढेच असतात. तेव्हा बरणी प्रामाणिकपणे सांगेल की हा पोयटा आहे. त्रिकोण तिला दुजोरा देईल आणि विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतील. पण नदीने डोंगर झिजवून आणलेला पोयटा आणि बॉयलरमध्ये कोळसा जळून उरलेली राख या दोन गोष्टी एक नाहीत. बरणी फक्त कणाचा आकार सांगते. कण आला कुठून, हा प्रश्न आपण तिला विचारलेलाच नसतो.

इथून पुढे खरं प्रात्यक्षिक सुरू होतं. बरणीच्या पाण्यावर करडी साय तरंगताना दिसेल. राखेतले काही कण आतून पोकळ असतात, ते बुडत नाहीत. नदीचा पोयटा असं तरंगत नाही. मग कुणीतरी लोहचुंबक फिरवायला सुचवेल, कारण राखेत लोहयुक्त कण असतात. कण चिकटतील, वर्ग खूश होईल. पण किनाऱ्याच्या साध्या वाळूतही मॅग्नेटाइटचे काळे कण असतात आणि तेही चिकटतात, म्हणजे चुंबकाचा पुरावा एकट्याने पुरत नाही. शेवटी सूक्ष्मदर्शक काढावा लागतो. वाळूचे कण कोनदार, झिजलेले, ओबडधोबड असतात, तर राखेतले पुष्कळसे कण वितळून थिजलेल्या काचेच्या गोळ्यांसारखे गोल. आणखी एक बरणी नळाच्या गोड्या पाण्याने आणि तिसरी खाडीच्याच खाऱ्या पाण्याने भरली, तर तिसरीतली चिकणमाती लवकर खाली बसेल, कारण मिठामुळे तिचे कण एकमेकांना धरतात. नदीमुखाशी चिखल का साचतो, हे पुस्तक एका वाक्यात सांगून मोकळं होतं. इथे ते डोळ्यांसमोर घडतं. तीन बरण्या, एक चुंबक आणि महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागाकडून उसना आणलेला सूक्ष्मदर्शक एवढ्यावर हे भागतं.

किनाऱ्याच्या धड्याचंही तेच. पूर्व किनाऱ्यावर लाटांबरोबर वाळू वर्षभराचा हिशेब धरला तर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मद्रासच्या कृत्रिम बंदराचं बांधकाम १८७०च्या दशकात सुरू झालं आणि त्याच्या भिंतींनी ही वाळू अडवली. १८८१ च्या वादळाने बांधकामाची मोडतोड केली, पुढे पूर्वेकडचं तोंड वाळूने भरू लागलं म्हणून ते बंद करून ईशान्येकडून वाट काढावी लागली. दक्षिणेला साचत गेलेल्या वाळूवर मरीना किनारा रुंदावला, आणि उत्तरेला रायपुरम, तिरुवोट्रियूर ते एन्नोरपर्यंतचा किनारा उपाशी राहून खचत गेला. मरीनावरचा फिरण्याचा रस्ता आखणाऱ्या गव्हर्नरचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या, साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफचा हा मुलगा, आणि त्याचं नाव मुंबईच्या गव्हर्नरवरून ठेवलेलं. मराठी वाचकाला मरीना एवढी परकी वाटू नये, म्हणून हे सांगितलं.

किनाऱ्यालगतच्या प्रवाहाचा वेग मोजायला पुस्तकात संत्रं वापरायला सांगतात. संत्रं पाण्यात टाकायचं, किनाऱ्याला समांतर अंतर मोजून ठेवायचं, घड्याळ लावायचं. समजा, वर्ग जानेवारीत गेला आणि संत्रं दक्षिणेकडे निघालं. मग? नकाशावरचा उत्तरेकडचा बाण चुकीचा की संत्रं? २८ जानेवारी २०१७ रोजी कामराजर बंदराबाहेर बीडब्ल्यू मेपल आणि डॉन कांचीपुरम ही जहाजं एकमेकांवर आदळली. सांडलेलं तेल दक्षिणेकडे सरकत मरीनाच्याही पुढे गेलं. ईशान्य मान्सूनच्या काळात इथला प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, नंतर उलटतो. बाण वर्षाच्या जमाखर्चाचा आहे, संत्रं त्या दिवसाचं. दोन्ही खरे आहेत, आणि दोन खऱ्या उत्तरांत हा असा मेळ घालायला शिकणं म्हणजेच भूगोल शिकणं असं मला वाटतं. किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला हे शिकवावं लागत नाही. वारा आणि पाणी कुठल्या महिन्यात फिरतं, यावर त्याचं पोट असतं. खाडीत हातांनी कोळंबी धरणाऱ्या इरुळर जमातीच्या बायकांना तळाचा चिखल पायांनी कळतो. त्यांना विचारलं पाहिजे, आणि त्या सांगतील ते बरणीत, पट्टीवर पडताळूनही पाहिलं पाहिजे. नुसती मान डोलावणं हा त्यांचा मान नव्हे.

भरतीचं प्रात्यक्षिक तर एका खुणा केलेल्या काठीत होतं. चेन्नईला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक साधारण एक मीटरचा, मुंबईला चार मीटरच्या वर. ठाण्याच्या खाडीचं मुख रोज दोनदा जोरात धुतलं जातं. एन्नोरच्या भरतीत तेवढा जोर नाही, म्हणून किनाऱ्याने सरकणारी वाळू मुखाशी दांडा घालते आणि खाडीचा श्वास कोंडतो. कोकणातल्या मुलाने स्वतःच्या काठीची नोंद चेन्नईच्या नोंदीशेजारी ठेवली, तर दोन किनाऱ्यांतला फरक त्याला घोकावा लागणार नाही.

राहिला नकाशा. आपल्याकडे प्रात्यक्षिकात नकाशा म्हणजे अंतिम सत्य. त्यावरून उतार काढा, वस्तीचा आकृतिबंध ओळखा, नदीचं खोरं रंगवा. एन्नोरला नकाशाच वादात सापडला. १९९६ च्या किनारा व्यवस्थापन आराखड्यात खाडी दाखवलेली होती. २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या सरकारी नकाशातून ती नाहीशी झाली आहे, असा जाहीर आरोप कार्यकर्त्यांनी केला. त्याच वर्षी गायक टी. एम. कृष्णा यांनी एन्नोरच्या राखेत उभं राहून सामायिक जमिनीचं गाणं म्हटलं आणि ही खाडी देशाला ठाऊक झाली. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मी हे दोन नकाशे, एक उपग्रहाचं चित्र आणि एक होडी देईन, आणि सांगेन की कुठला नकाशा जमिनीशी जुळतो ते पाहून ये. नकाशावाचनाची याहून कडक परीक्षा मला सुचत नाही.

आक्षेप येईल की हे राजकारण झालं. बरणीत राख आहे की पोयटा, हा प्रश्न राजकीय नाही. त्याचं उत्तर कुणाला तरी गैरसोयीचं आहे, एवढंच. गैरसोयीची उत्तरं टाळायची ठरवली तर शिकवण्यासारखं पेटीतलं कॅल्साइट तेवढं उरतं. दुसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. एन्नोर धोक्याची जागा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात मणलीकडून खाडीत तेल आलं, आणि त्याच महिन्यात एका खत कारखान्याच्या समुद्रातल्या पाइपलाइनमधून अमोनिया सुटला. मुलांना त्या चिखलात उतरवू नये. नमुना शिक्षकाने हातमोजे घालून आणावा, मोजणी वर्गात व्हावी. दुसऱ्याच्या उद्ध्वस्त अंगणात सहल काढून फोटो घेऊन परतणं हेही नको. वर्गाने जे मोजलं ते तमिळमध्ये लिहून तिथल्या गावाला द्यावं, म्हणजे हिशेब निदान थोडा फिटतो.

परीक्षा बदलल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये शाळांतून प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला, तो जवळजवळ तीस वर्षं चालला. त्याच्या परीक्षेत मुलांना पुस्तक उघडं ठेवता येत असे, कारण विचारलेल्या प्रश्नाचं तयार उत्तर पुस्तकात नसेच. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. तो चालला तेव्हा साध्या सरकारी शाळांत चालला, म्हणून साधनांची सबब मी एका मर्यादेपलीकडे ऐकून घेत नाही.

महाराष्ट्राला एन्नोरपर्यंत जायचीही गरज नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, एकलहरे, भुसावळचं दीपनगर, सगळीकडे राख आहे आणि सगळीकडे जवळून नदी किंवा नाला वाहतो. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं. नागपूरच्या किती महाविद्यालयांच्या जर्नलमध्ये त्या वर्षी त्या गाळाची बरणी चढली असेल? राज्य मंडळाने आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी वीसपैकी पाच गुण अशा एका प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवावेत, ज्याचं उत्तर परीक्षकालाही आधी ठाऊक नसेल. आणि भूगोलाच्या शिक्षकांनी मंडळाच्या परिपत्रकाची वाट न पाहता यंदाचा पाऊस ओसरला की जवळच्या नाल्यातला मूठभर गाळ वर्गात आणावा.