‘स्वतःच्या शब्दांत’: परभाषेतील लेखन आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

१

‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ ही सूचना शिक्षणव्यवहारात इतकी रुळलेली आहे की तिच्यामागे काही तात्त्विक गृहीते आहेत याचे भान ती देणाऱ्याला क्वचितच असते. शब्द ‘स्वतःचे’ असतात म्हणजे काय? भाषा ही व्यक्तीच्या आधी असते आणि व्यक्तीनंतरही उरते, हे एकदा मान्य केले की शब्दांवर व्यक्तीची मालकी कोणत्या अर्थाने सांगता येईल? मातृभाषेत लिहिणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न झाकलेला राहतो. भाषा त्याच्या अंगवळणी पडलेली असल्याने उसने शब्दही त्याला आपलेच वाटतात आणि वाचणाऱ्यालाही ते तसेच वाटतात. परभाषेत ज्ञानव्यवहार करू पाहणाऱ्याला मात्र ही सोय उपलब्ध नसते. तो वापरतो तो प्रत्येक शब्द त्याने कुठून तरी, कुणाकडून तरी, बऱ्याचदा अलीकडेच घेतलेला असतो. अशा माणसाला ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ असे सांगणे, आणि तसे न जमल्यास त्याला चोर ठरवणे, हे नैतिकदृष्ट्या कितपत समर्थनीय आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप ब्रिटिश विद्यापीठांतील विद्यापीठीय इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत दिसते. परदेशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि पुढे अध्यापक-संशोधकांसाठीही, असे अभ्यासक्रम तेथे अनेक दशके चालवले जात आहेत. ते शिकवणाऱ्या अध्यापकांचा ‘सेल्मूस’ हा गट १९७२ मध्ये स्थापन झाला आणि १९८९ मध्ये त्याचे रूपांतर ‘बालीप’ या संघटनेत झाले. त्याच वर्षी ‘आयईएलटीएस’ ही परीक्षाही सुरू झाली. या परीक्षेत अपेक्षित गुणांपेक्षा थोडे कमी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला मुख्य अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी, उन्हाळ्यात काही आठवड्यांचा पूर्वसत्र वर्ग शुल्क भरून पूर्ण करावा लागतो. तेथे त्याला व्याख्यानाची टिपणे काढणे, चर्चासत्रात बोलणे, निबंधाची बांधणी, संदर्भ देण्याची पद्धती या गोष्टी शिकवल्या जातात. आणि त्यांच्या जोडीने ‘वाङ्मयचौर्य कसे टाळावे’ हा धडा हमखास असतो. या धड्याचा गाभा म्हणजे शब्दांतर: मूळ उतारा घ्या, अर्थ तोच ठेवा, शब्द व वाक्यरचना बदला, स्रोत सांगा. वरकरणी हे निव्वळ कौशल्य आहे. मात्र ज्या क्षणी त्याला चौर्याची भाषा जोडली जाते, त्या क्षणी ते नीतीच्या प्रांतात प्रवेश करते.

२

या वर्गांत दिले जाणारे शिक्षण पाहिले तर त्यातील अंतर्विरोध चटकन ध्यानात येतो. जॉन स्वेल्स यांनी १९८१ च्या अभ्यासात आणि पुढे १९९० च्या ‘जॉनर अ‍ॅनॅलिसिस’ या ग्रंथात असे दाखवले की शोधनिबंधाचे प्रास्ताविक ठरावीक हालचालींनी पुढे सरकते. आधी विषयक्षेत्राचे महत्त्व प्रस्थापित करावयाचे, मग त्यात एक उणीव दाखवावयाची आणि नंतर ती आपण भरून काढत असल्याचे सांगावयाचे. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची सूची सिद्ध केली. मँचेस्टर विद्यापीठातील जॉन मॉर्ली यांनी तर शोधनिबंधात सर्रास आढळणाऱ्या तयार वाक्यांशांचा एक मोठा कोशच उपलब्ध करून दिला; ते वाक्यांश कोणीही उचलावेत, त्यात चौर्य नाही, असे तेथे गृहीत आहे.

म्हणजे एकाच वर्गात सकाळच्या तासाला विद्यार्थ्याला सांगितले जाते की विद्यापीठीय लेखन हे सामायिक साच्यांचे बनलेले असते, ते साचे आत्मसात कर. आणि दुपारच्या तासाला सांगितले जाते की दुसऱ्याची वाक्ये घेऊ नकोस. या दोन उपदेशांमधील सीमारेषा अस्तित्वातच नाही असे माझे म्हणणे नाही. ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य सर्वांचे असते. एखाद्या विशिष्ट संशोधकाचा निष्कर्ष त्याच्या नेमक्या शब्दांत सांगणारे वाक्य मात्र तसे नसते. पण या दोन टोकांच्या दरम्यान असंख्य पायऱ्या आहेत. कुठला शब्दसमूह सर्वांचा आणि कुठला एकाचा, हे ओळखण्यासाठी त्या भाषेतील त्या विषयाचे विपुल वाचन गाठीशी असावे लागते. नवागताजवळ नेमके तेच नसते. ज्या क्षमतेचा अभाव असल्यामुळे त्याला वर्गात बसवले आहे, त्याच क्षमतेच्या अभावाला अपराध ठरवणे हा तर्कदोष आहे; आणि शिक्षेचा अधिकार हाती असेल तेव्हा तो अन्यायही होतो.

रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात या संदर्भात एक उपयुक्त भेद मांडला. मूळ उताऱ्यातील काही शब्द गाळून, काहींच्या जागी पर्याय घालून, वाक्यरचना थोडीशी हलवून केलेल्या लेखनाला आपण ‘ठिगळांचे लेखन’ म्हणू. हॉवर्ड यांच्या मते हा गुन्हा नसून अपरिचित ज्ञानक्षेत्राची भाषा शिकण्याचा एक टप्पा आहे. डायन पेकोरारी यांनी ब्रिटिश विद्यापीठांतील परदेशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लेखनाचा २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही याच दिशेचा आहे. स्रोतांशी फार जवळीक असलेले असे लेखन त्यांना आढळले. फसवणुकीचा हेतू मात्र आढळला नाही. कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करणारा मुलगा आधी हुबेहूब नक्कल करतो. त्याच्या नकलेला आपण चोरी म्हणत नाही, कारण शिकण्याचा मार्ग तेथूनच जातो हे आपण जाणतो.

३

साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकाला या प्रकरणात आणखी एक विसंगती दिसते. ज्या विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात प्रत्येक वाक्याला मालक असतो असे शिकवले जाते, त्याच विद्यापीठाच्या साहित्यविभागात रोलाँ बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूवरील निबंध नेमलेला असतो. संहिता ही अनेक अवतरणांची वीण आहे आणि तिला एकच एक उगम नाही, हे त्या निबंधाचे सूत्र साहित्याच्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत मांडले की त्याला गुण मिळतात. पूर्वसत्र वर्गातील विद्यार्थ्याने तेच नकळत आचरणात आणले तर त्याला चौकशीला सामोरे जावे लागते. ही विसंगती केवळ गमतीची नाही. मिशेल फूको यांनी १९६९ च्या व्याख्यानात दाखवल्याप्रमाणे, लेखक ही संकल्पना संहितांना चिकटली ती लेखकाला शासन करता यावे या गरजेतून. मालमत्ता म्हणून संहितेचा विचार नंतर आला. परदेशी विद्यार्थ्याचा अनुभव या विधानाचे जणू प्रात्यक्षिक आहे. नव्या भाषेत त्याला ‘लेखक’ म्हणून पहिली ओळख मिळते, ती दंडनीय व्यक्ती म्हणून.

चौर्याचे रूपक स्वतःही तपासून पाहण्याजोगे आहे. ‘वाङ्मयचौर्य’ या मराठी संज्ञेत शब्द ही वस्तू आहे आणि वस्तू हिरावली जाते. वास्तविक ज्याचे वाक्य ‘चोरले’ जाते त्याच्याकडे ते वाक्य जसेच्या तसे राहते. इंग्रजी संज्ञेचे मूळ असलेला लॅटिन शब्द माणसे पळवून नेणाऱ्याला उद्देशून होता. मार्शल या रोमन कवीने आपली कवने स्वतःची म्हणून म्हणणाऱ्याला तो लावला. त्या रूपकात शब्द ही मालमत्ता उरत नाही. तो कुणाशी तरी नाते असलेला जीव ठरतो, आणि अपराध असतो तो हे नाते तोडण्याचा. या भेदाकडे मी पुन्हा येणार आहे.

४

या अन्यायाची जाणीव झालेल्यांनी सुचवलेला एक उपाय मला मान्य होण्यासारखा नाही. तो म्हणजे सांस्कृतिक सापेक्षतेचा. पौर्वात्य संस्कृतींत पाठांतराला महत्त्व असते, गुरुवचन जसेच्या तसे उच्चारणे हा आदर मानला जातो, त्यामुळे त्या विद्यार्थ्यांना वाङ्मयचौर्याची कल्पनाच नसते, असे सहानुभूतीने म्हटले जाते. १९६६ मध्ये रॉबर्ट कॅप्लन यांनी निरनिराळ्या संस्कृतींतील परिच्छेदरचनेच्या आकृत्या काढल्या. त्यांत इंग्रजीची रेषा सरळ होती आणि ‘पौर्वात्यां’ची भोवऱ्यासारखी. या मांडणीवर नंतर भरपूर टीका झाली. तरीही सरळ विचार करणारे आणि फिरून-फिरून बोलणारे अशी विभागणी करण्याचा मोह कायम आहे. अ‍ॅलिस्टर पेनिकुक यांनी १९९६ च्या निबंधात पाठ केलेला लिंकनचा परिचय लिहून देणाऱ्या एका विद्यार्थ्याचा दाखला देऊन स्मृती आणि मालकी यांच्या संबंधांचा मार्मिक विचार केला. त्या निबंधाचे महत्त्व मी मानतो. मात्र त्यावरून ‘पूर्वेकडे असेच चालते’ असा सोपा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

आपल्याच परंपरेचा दाखला घेऊ. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या अर्थांमधील संवादाचे, म्हणजे साम्याचे, प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सदृश देहांसारखे असे तीन प्रकार केले; त्यांतील पहिले दोन त्याज्य आणि तिसरा ग्राह्य मानला. अक्षरे व पदे सर्वांचीच असल्यामुळे त्यांची पुनरावृत्ती हा दोष नव्हे, हेही त्याने स्पष्ट केले. राजशेखराने इ. स. ९०० च्या आसपास ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांवर अध्याय खर्ची घातले. कोणते हरण क्षम्य, कोणते निंद्य, आणि घेतलेल्यात घेणाऱ्याने काय भर घातली म्हणजे ते त्याचे होते, याचा विचार तेथे सूक्ष्म भेदांसह येतो. हा विचार काव्याविषयीचा आहे, शास्त्रव्यवहाराविषयीचा नाही, हे खरे. तथापि ज्या परंपरेत ‘हरण’ ही पारिभाषिक संज्ञा होती तिला मालकीची जाणीवच नव्हती, असे म्हणणे हे अज्ञान आहे. आणि त्या अज्ञानावर आधारलेली करुणा ही अवहेलनाच आहे. विद्यार्थ्याला त्याच्या संस्कृतीचा बळी मानून माफ करणे म्हणजे त्याचे नैतिक कर्तेपण नाकारणे होय. त्याला चोर म्हणणाराही त्याचे ऐकत नाही आणि त्याला अजाण म्हणणाराही ऐकत नाही.

५

मग शब्दांतराच्या आणि संदर्भाच्या आग्रहाला नैतिक आधार कोणता? माझ्या मते तो आधार मालकी हा नसून उत्तरदायित्व हा आहे. न्यायदर्शनाने आप्ताचे वचन हे प्रमाण मानले. म्हणजे ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून मिळू शकते; परंतु तो दुसरा विश्वासार्ह आहे का, हे तपासण्याची वाट खुली असली पाहिजे. संदर्भ देणे म्हणजे ही वाट खुली ठेवणे. शास्त्रार्थात पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडण्याची शिस्त होती, तिचाही आशय हाच आहे: जे मी बोलतो त्यातले दुसऱ्याचे किती आणि माझे किती, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे, कारण त्यावाचून तो मला उलट प्रश्न करू शकणार नाही. नात्याचे रूपक येथे उपयोगी पडते. वचन आणि वक्ता यांचे नाते तोडले की सर्वाधिक हानी होते ती वाचकाची. प्रश्न कुणाला विचारावयाचा हेच त्याला कळेनासे होते.

या दृष्टीने पाहिले तर ‘स्वतःचे शब्द’ या पदाचा अर्थ बदलतो. ज्या विधानाबद्दल विचारले असता मी त्याचा अर्थ सांगू शकतो, त्याचे समर्थन करू शकतो किंवा ते मागे घेऊ शकतो, ते विधान माझे. मग त्यातील शब्द मी कुठूनही उचललेले असोत. उलट पर्यायी शब्द घालून बदललेले, पण मला न समजलेले वाक्य माझे नव्हे, तळाशी संदर्भ असला तरीही.

यावर असा आक्षेप घेता येईल की उत्तरदायित्वाच्या नावाखाली सरसकट मोकळीक मिळेल. ही भीती निराधार आहे. पैसे देऊन दुसऱ्याकडून निबंध लिहून घेणारा या कसोटीवर लगेच उघडा पडतो, कारण तो त्या निबंधाला उत्तरदायी राहूच शकत नाही. ठिगळांचे लेखन करणारा मात्र, त्याला बोलते केल्यास, आपल्याला काय म्हणावयाचे होते ते मोडक्या भाषेत का होईना सांगतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रत्येकाला असे बोलते करण्यास अध्यापकाला वेळ कुठून मिळणार? या अडचणीचे वास्तव मान्य करावे लागते. पण वेळ नाही हे व्यवस्थेचे कारण आहे; ते विद्यार्थ्याच्या दोषाचा पुरावा होऊ शकत नाही.

६

लेखन निर्माण करणाऱ्या यंत्रांनी हा प्रश्न आता निकडीचा केला आहे. कोणत्याही उताऱ्याचे निर्दोष शब्दांतर यंत्र क्षणात करून देते. म्हणजे ज्या कौशल्याला आपण प्रामाणिकपणाचा पुरावा मानत होतो ते कोणत्याही प्रामाणिकपणावाचून उपलब्ध झाले. या यंत्रांचा छडा लावणाऱ्या यंत्रांची गतही उद्बोधक आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी अशी सात साधने तपासली तेव्हा, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी ‘टोफेल’ परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्रलिखित ठरवले. मर्यादित शब्दसंपदेने, साध्या रचनेत लिहिणे हेच संशयास्पद ठरले. ज्याने खरोखर स्वतःच्या शब्दांत लिहिले, त्याचे शब्द तोकडे म्हणून ते त्याचे नव्हेत, असा हा निवाडा आहे.

हा प्रश्न केवळ परदेशस्थ विद्यार्थ्यांचा आहे असे समजून मराठीच्या अभ्यासकाने निश्चिंत राहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी साम्याच्या टक्केवारीनुसार दंडाच्या पायऱ्या ठरवल्या: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे ४० आणि ६० या सीमा. रीतसर दिलेली अवतरणे या मोजणीतून वगळण्याची तरतूद त्यांत आहे. तथापि समजून घेतलेले आणि न समजता उचललेले यांतील भेद टक्केवारीत उतरू शकत नाही. शिवाय आपल्या विभागांत येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना समीक्षेची प्रमाण मराठी ही घरच्या बोलीपासून पुष्कळ दूरची, जवळजवळ परभाषाच असते. ‘संहिता’, ‘आशयसूत्र’, ‘जाणीव’ या शब्दांची ठिगळे जोडून तोही आपला पहिला निबंध लिहितो. त्याच्या लेखनातील उसने वाक्य दिसताच तांबडी रेघ ओढून थांबणे सोपे आहे. ‘या वाक्यातून तुला काय म्हणायचे आहे?’ असे विचारून त्याच्या उत्तरासाठी थांबणे, हे अध्यापकाच्या उत्तरदायित्वाचे किमान रूप आहे. विद्यार्थ्याकडून त्याच्या शब्दांची जबाबदारी मागण्याचा अधिकार त्या थांबण्यातूनच सिद्ध होतो.